फ्लूची लस किती काम करते? कंट्रोल ग्रुप शोधण्याचा शंभर वर्षांचा इतिहास



पेटच्या मुलाखतीला जा, नाहीतर सिनॉप्सिस घेऊन कमिटीसमोर उभे राहा, एक प्रश्न हमखास येतो: "तुलना कशाशी करणार?" आपल्यापैकी बरेच जण इथे मेथडॉलॉजीच्या पुस्तकातली कंट्रोल ग्रुपची व्याख्या म्हणून दाखवतात. व्याख्या बरोबर असते, पण पुढचा प्रश्न आला की गाडी अडते. कारण व्याख्या पाठ असते. ती कुठल्या भांडणातून, कुठल्या फसलेल्या आकड्यातून तयार झाली ते माहीत नसतं. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि इतिहास बघू. उदाहरण घेऊ एका साध्या प्रश्नाचं.

प्रश्न असा: यंदा फ्लूची लस घेतलेल्या माणसाला फ्लू होऊन फॅमिली डॉक्टरकडे जावं लागण्याची शक्यता, लस न घेतलेल्या माणसापेक्षा किती कमी असते?

ऐकायला सोपं वाटतं ना? लस घेतलेले मोजा, न घेतलेले मोजा, कोण आजारी पडलं ते बघा, झालं. पण या प्रश्नाचं धड उत्तर देण्याची व्यवहार्य पद्धत सापडायला जवळपास संपूर्ण विसावं शतक गेलं. का गेलं, ते समजलं तर तुमच्या विषयातला कंट्रोल ग्रुप निवडताना तुम्ही दहा वेळा विचार कराल. विषय रसायनशास्त्र असो, शेती असो की शिक्षणशास्त्र.

भायखळ्याचा तुरुंग आणि तीन अटी

सुरुवात फ्लूपासून नाही, प्लेगपासून करू, आणि तीही आपल्या मुंबईतून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर तिथल्या कैद्यांना दिली. ज्यांनी स्वतःहून हात पुढे केला त्यांना लस, बाकीच्यांना नाही. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी दिसला.

आता थांबा आणि संशोधकाच्या नजरेने बघा. हात पुढे करणारा कैदी आणि मागे उभा राहणारा कैदी हे दोघं सारखे असतात का? पुढे येणारा कदाचित जास्त धट्टाकट्टा असेल. मागे राहिलेला कदाचित आधीच कणकण असलेला असेल. म्हणजे दिसलेला फरक लसीचा की माणसांचा? हाफकिन यांनाही ही शंका कळत होती. १८९८ साली बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली आणि अर्ध्यांना दिली नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीर आणि पिसवाही त्याच. तुलना एकदम जास्त भक्कम झाली.

तिकडे इंग्लंडमध्ये १९०४ साली असाच वाद टायफॉइडच्या लसीवरून पेटला. आल्मरोथ राइट म्हणत होते की सैनिकांमध्ये लस काम करते. कार्ल पिअर्सन यांनी त्याच आकड्यांवर हिशेब करून दाखवलं की लस आणि बचाव यांच्यातला संबंध राइट समजतात तेवढा पक्का नाही. पिअर्सन यांची सूचना मात्र आजही आठवून ठेवण्यासारखी आहे: स्वतःहून पुढे येणाऱ्या सर्वांची यादी करा आणि एकाआड एकालाच लस द्या. म्हणजे दोन्ही बाजूंना हौशीच माणसं राहतील.

१९१५ मध्ये मेजर ग्रीनवूड आणि उडनी यूल या दोघांनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लसींच्या आकडेवारीवर एक मोठा निबंध लिहिला. (मेजर हा हुद्दा नाही, नावच आहे. मीही पहिल्यांदा वाचताना चमकले होते.) लसीच्या तुलनेला अर्थ असायचा तर तीन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत, असं त्यांनी मांडलं. माझ्या शब्दांत त्या अशा:

१. लस घेतलेली आणि न घेतलेली माणसं बाकी सगळ्या महत्त्वाच्या बाबतीत सारखी हवीत.

२. दोन्ही गटांचा रोगाशी सारखाच संबंध यायला हवा.

३. माणसाने लस घेतली की नाही हे ठरवणं आणि त्याला रोग झाला की नाही हे ठरवणं, या दोन गोष्टी एकमेकांपासून स्वतंत्र हव्यात. एकीची सावली दुसरीवर पडता कामा नये.

या तीन अटी वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी गोष्ट म्हणजे या अटी कशा मोडल्या आणि कशा सांभाळल्या गेल्या, एवढीच आहे.

१९४३: सगळं जुळून आलेलं वर्ष

१९१८ च्या महासाथीत लोकांनी फ्लूच्या नावाने लसी घेतल्या, पण त्या जिवाणूंविरुद्ध होत्या. खरा गुन्हेगार विषाणू आहे हेच ठाऊक नव्हतं. १९३३ मध्ये लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात माणसाचा फ्लूचा विषाणू वाढवला. पुढे एका आजारी फेरेटच्या शिंकेमुळे स्मिथ स्वतःच आजारी पडले, आणि त्यांच्यापासून मिळालेला विषाणू त्यांच्याच आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. मग फलित कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवायचं तंत्र आलं आणि लस बनवणं शक्य झालं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला १९१८ ची पुनरावृत्ती नको होती. मिशिगन विद्यापीठाचे थॉमस फ्रान्सिस यांच्या नेतृत्वाखाली लसीची चाचणी झाली. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर होता, जोनास साल्क. तोच पुढे पोलिओची लस करणारा. १९४३ च्या हिवाळ्याआधी वेगवेगळ्या विद्यापीठांत प्रशिक्षण घेणाऱ्या सुमारे १२,५०० सैनिक-विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना लस नसलेलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याच हिवाळ्यात फ्लूची साथ आली. लस घेतलेल्यांपैकी २.२२ टक्के आजारी पडले, न घेतलेल्यांपैकी ७.११ टक्के.

हिशेब करून बघा. ७.११ वजा २.२२ म्हणजे ४.८९. त्याला ७.११ ने भागलं की येतात सुमारे ६९ टक्के. लसीचं 'संरक्षण' आपण आजही असंच काढतो: न घेतलेल्यांच्या तुलनेत आजार किती टक्क्यांनी घटला. इथे एक नेहमीचा गोंधळ आत्ताच मिटवून टाका. ६९ टक्के संरक्षण म्हणजे शंभरातले ६९ जण वाचले आणि ३१ जण आजारी पडले, असं नाही! शंभरातले आजारी पडले दोनच्या आसपास. मुलाखतीत हा मुद्दा हमखास चुकतो.

या चाचणीत ग्रीनवूड-यूल यांच्या अटी बऱ्याच अंशी सांभाळल्या गेल्या. सगळे तरुण पुरुष, एकाच छावणीत राहणारे, एकाच खानावळीत जेवणारे. पण याच गोष्टीत पुढची अडचण लपलेली होती. खरी लस हवी होती म्हाताऱ्यांना, दमेकऱ्यांना, हृदयविकाराच्या रुग्णांना. ते छावणीत राहत नाहीत. ते घरी राहतात आणि बरं वाटेनासं झालं की आपल्या डॉक्टरकडे जातात.

१९४७: लस तीच, विषाणू बदलला

१९४५ मध्ये अमेरिकेत लसीला परवाना मिळाला. दोनच वर्षांनी, १९४७ च्या साथीत, मिशिगनमध्येच लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या विद्यार्थ्यांमध्ये आजाराचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. विषाणू एवढा बदलला होता की लसीने तयार केलेल्या अँटीबॉडी त्याला ओळखतच नव्हत्या.

यातून जे कळलं ते फ्लूचं वेगळेपण आहे. गोवराची लस एकदा तपासली की तो निकाल वर्षानुवर्षं वापरता येतो. फ्लूचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, एकदा उत्तर आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घालायचे ते सुचवते. म्हणजे 'फ्लूची लस किती काम करते' हा एक प्रश्नच नाही. दर हंगामाचा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दर हंगामात नव्याने मोजावं लागतं.

मग दरवर्षी रँडमाइज्ड ट्रायल का नाही करत? दोन कारणं. एक, ट्रायल संपेपर्यंत हंगाम संपतो. दुसरं कारण नैतिक आहे. १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी ६५ वर्षांवरील लोकांना, जुनाट आजार असलेल्यांना आणि गर्भवतींना लस घ्यायची शिफारस केली. एकदा शिफारस झाली की त्याच लोकांना प्लासिबो टोचायला कोणती एथिक्स कमिटी परवानगी देईल? चार वर्षांनी अलेक्झांडर लँगम्युअर आणि सहकाऱ्यांनी लिहून दाखवलं की या शिफारशीमागचा पुरावा तोकडा आहे. पण शिफारस झाली होती, आणि ट्रायलचं दार जवळजवळ बंद झालं होतं.

जवळजवळ म्हणते, कारण नेदरलँड्समध्ये ती शिफारस तेवढी पक्की नव्हती. तिथे १९९१-९२ च्या हंगामात गोव्हार्ट आणि सहकाऱ्यांनी १५ फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतून ६० वर्षांवरच्या १८३८ लोकांवर प्लासिबोसह ट्रायल केली. रक्ततपासणीवरून ठरवलेला फ्लू लसीच्या गटात ४ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ९ टक्के निघाला. संरक्षण सुमारे निम्मं. प्राथमिक उपचारातल्या वयस्कर रुग्णांवरचा हा आजही सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या ट्रायलपैकी एक आहे.

पण वहीतली तिसरी अट काढा. रक्ततपासणीत फ्लू कसा ठरवतात? आजाराआधी आणि नंतर रक्त घेऊन अँटीबॉडी चौपट वाढल्या का ते बघतात. लस घेतलेल्याच्या अँटीबॉडी आधीच वर चढलेल्या असतात. त्याला फ्लू झाला तरी त्या आणखी चौपट वाढतीलच असं नाही. म्हणजे त्याचा फ्लू तपासणीतून निसटू शकतो, आणि लस आहे त्यापेक्षा भारी दिसते. रोग ओळखायच्या पद्धतीवरच लसीची सावली पडली! ट्रायल कितीही नेटकी असली तरी मोजमाप तिला दगा देऊ शकतं. म्हणून पुढे घशातल्या किंवा नाकातल्या स्वॅबमधून थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी आली, तेव्हा हे सगळं क्षेत्रच बदललं.

"निम्मे मृत्यू टळतात": एका सुंदर आकड्याची चिरफाड

ट्रायल नाही तर काय? नोंदी. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्य विमा संस्थांकडे लाखो सदस्यांच्या संगणकीय नोंदी होत्या. कोणी लस घेतली, कोण दवाखान्यात दाखल झालं, कोण वारलं. त्यावरून कोहॉर्ट अभ्यास निघाले. निकाल एकापेक्षा एक. २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या, दहा हंगामांच्या एका अभ्यासात वृद्धांचे हिवाळ्यातले मृत्यू लसीमुळे ४८ टक्क्यांनी घटलेले दिसले.

कोणतेही मृत्यू बरं का! फक्त फ्लूचे नाही, सगळ्या कारणांचे.

इथे तुमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली पाहिजे. लोन सायमन्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच साधा हिशेब मांडला होता. अमेरिकेत वृद्धांच्या हिवाळ्यातल्या मृत्यूंपैकी फ्लूमुळे होणारे मृत्यू कोणत्याही हंगामात दहा टक्क्यांच्या वर जात नाहीत. मग लस निम्मे मृत्यू कसे टाळेल? ज्या घरात दहाच भाकऱ्या आहेत तिथून पन्नास चोरीला कशा जातील? शिवाय १९८० च्या आधीपासून २००१ पर्यंत लस घेणाऱ्या वृद्धांचं प्रमाण सुमारे १५ वरून ६५ टक्क्यांवर गेलं होतं, तरी मृत्यूदरात त्या मानाने घट दिसत नव्हती.

गाठ सोडवली लिसा जॅक्सन यांच्या गटाने, २००६ मध्ये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ६५ वर्षांवरच्या ७२,५२७ लोकांच्या नोंदी त्यांच्यापुढे होत्या. त्यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा आहे की वाचून आपल्यालाच वाटतं, हे आधी कोणाला का सुचलं नाही: फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधी लस घेतलेल्यांमध्ये मृत्यू किती?

फ्लूच नाही तर लसीचा फायदा शून्य दिसायला हवा. दिसलं उलटंच. हंगामाच्या आधी लस घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका न घेतलेल्यांच्या ०.३९ पट होता, हंगामात ०.५६ पट, आणि हंगामानंतर ०.७४ पट. म्हणजे फ्लू नसताना लस सगळ्यात जास्त 'वाचवत' होती! याचा अर्थ एकच. जे वृद्ध अगदी शेवटच्या टप्प्यात होते, अंथरुणाला खिळलेले होते, ते लस घ्यायला गेलेच नव्हते. चालतेफिरते लोक गेले. ग्रीनवूड-यूल यांची पहिली अट मोडली होती, आणि भायखळ्याच्या तुरुंगातला हात पुढे करणारा कैदी शंभर वर्षांनी लाखोंच्या डेटामध्ये परत दिसला होता. या चुकीला आता 'हेल्दी व्हॅक्सिनी बायस' म्हणतात.

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, यातून लस निरुपयोगी ठरत नाही. तिचा फायदा मोजायची ही पद्धत निरुपयोगी ठरते. दुसरी, डेटा मोठा असला म्हणजे बायस धुऊन निघतो असं नाही. उलट तो जास्त अचूकपणे चुकीचा होतो.

डॉक्टरच्या बाकावर बसलेला कंट्रोल ग्रुप

आता गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. कंट्रोल ग्रुप आणायचा कुठून? उत्तर आधीपासून डॉक्टरच्या दवाखान्यात, त्याच बाकावर बसलेलं होतं.

ताप-खोकला घेऊन आलेल्या प्रत्येकाला फ्लू नसतो. ऱ्हायनोव्हायरस असतो, आरएसव्ही असतो, आणखी काही असतं. लक्षणांवरून डॉक्टरलाही ओळखता येत नाही. मग असं करा: फ्लूसारखी लक्षणं घेऊन आलेल्या सगळ्यांचा स्वॅब घ्या, लस घेतली होती का ते तिथेच विचारून लिहून ठेवा, आणि स्वॅब प्रयोगशाळेत पाठवा. पॉझिटिव्ह आले ते केसेस. निगेटिव्ह आले ते कंट्रोल. याला 'टेस्ट-निगेटिव्ह डिझाइन' म्हणतात.

कल्पनेचं बी जुनं होतं. १९८० मध्ये क्लेअर ब्रूम यांनी न्यूमोकॉकसच्या लसीसाठी अशीच युक्ती वापरली होती: लसीत असलेल्या प्रकारांमुळे आजारी पडलेल्यांची तुलना, लसीत नसलेल्या प्रकारांमुळे आजारी पडलेल्यांशी. फ्लूसाठी ही पद्धत दवाखान्यांच्या जाळ्यातून नियमित चालवण्याचं मोठं श्रेय जातं कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाला. डॅनुटा स्कोव्रोन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००४-०५ च्या हंगामात ठरावीक फॅमिली डॉक्टरांना सोबत घेऊन छोटा प्रयोग केला. नंतर तो इतर प्रांतांत पसरला. अमेरिकेतही त्याच हंगामापासून बाह्यरुग्णांवर दरवर्षी मोजमाप सुरू झालं, आणि २००७ पासून युरोपातल्या अनेक देशांनी मिळून आय-मूव्ह नावाचं जाळं उभं केलं.

कागद-पेन घ्या, एक काल्पनिक हिशेब करू. समजा एका हंगामात १००० रुग्णांचे स्वॅब घेतले.

फ्लू पॉझिटिव्ह ४००: लस घेतलेले ८०, न घेतलेले ३२०.

फ्लू निगेटिव्ह ६००: लस घेतलेले २००, न घेतलेले ४००.

पॉझिटिव्हमध्ये लसीचे ऑड्स ८० भागिले ३२० म्हणजे ०.२५. निगेटिव्हमध्ये २०० भागिले ४०० म्हणजे ०.५. दोन्हींचं गुणोत्तर, म्हणजे ऑड्स रेशो, ०.५. एकातून वजा केलं की संरक्षण ५० टक्के.

आता गंमत बघा. समजा लस घेणारे लोक तब्येतीला जपणारे आहेत आणि जरा शिंक आली की डॉक्टरकडे दुप्पट वेळा धावतात. मग ८० चे १६० होतील आणि २०० चे ४००. गुणोत्तर? १६० भागिले ३२० म्हणजे ०.५, ४०० भागिले ४०० म्हणजे १, ऑड्स रेशो पुन्हा ०.५! डॉक्टरकडे जाण्याची सवय वर आणि खाली दोन्हीकडे आली आणि कटून गेली. कंट्रोल म्हणून गावातले कुठलेही निरोगी लोक घेतले असते तर हे झालं नसतं. शिवाय लसीची नोंद तपासणीच्या निकालाआधी होते, आणि पीसीआरला अँटीबॉडीशी देणंघेणं नाही. म्हणजे तिसरी अटही सांभाळली गेली.

पण ही पद्धत खरं सांगते याची खात्री काय? २०१३ मध्ये गॅस्टन द सेर आणि सहकाऱ्यांनी छान तपासणी केली. आधी झालेल्या रँडमाइज्ड ट्रायलचा डेटा घेतला, त्यातला प्लासिबोचा हिशेब बाजूला ठेवून फक्त तपासलेल्या आजारी लोकांवर टेस्ट-निगेटिव्ह पद्धत लावली, आणि दोन उत्तरं शेजारी ठेवली. ती जवळजवळ सारखी आली. नवी पद्धत वापरायची असेल तर आधी ती अशा ठिकाणी लावून बघा जिथलं उत्तर आधीच माहीत आहे. ही सवय थिसिसमध्येही कामाला येते.

मग आकडे काय म्हणाले?

सरळ सांगायचं तर पूर्वी सांगितलं जायचं तेवढे छान नव्हते. २०१६ मध्ये एडवर्ड बेलोंजिया आणि सहकाऱ्यांनी अशा ५६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बाह्यरुग्णांमध्ये संरक्षण: २००९ नंतरच्या एच१एन१ विरुद्ध सुमारे ६१ टक्के, बी प्रकाराविरुद्ध ५४ टक्के आणि एच३एन२ विरुद्ध फक्त ३३ टक्के. 'फ्लूची लस' हा एकच शब्द किती फसवा आहे बघा. वृद्धांना सगळ्यात जास्त त्रास देतो तो एच३एन२, आणि लस तिथेच लंगडी पडते.

का, याचंही उत्तर याच जाळ्यातून मिळालं. कॅनडात २०१२-१३ मध्ये संरक्षण अपेक्षेपेक्षा कमी आलं. समाजात फिरणारा विषाणू तर फारसा बदललेला नव्हता. मग बदललं काय? लसीतला विषाणू! अंड्यात वाढताना त्याने अंड्याला जुळवून घेतलं आणि स्वतःचं रूप बदललं होतं. दवाखान्यातल्या आकड्याने कारखान्यातली अडचण दाखवून दिली.

२०१४-१५ मध्ये विषाणू खरोखरच बदलला. अमेरिकेत हंगामाचा आकडा १९ टक्क्यांवर घसरला. कॅनडाचा एच३एन२ विरुद्धचा हंगामाच्या मध्यातला अंदाज होता उणे ८ टक्के. बातम्यांत गदारोळ. पण त्याचा विश्वासांतर बघा: उणे ५० ते अधिक २३. म्हणजे 'लसीने नुकसान केलं' असं हा आकडा म्हणत नव्हता, 'फायदा झाल्याचा पुरावा दिसत नाही' एवढंच म्हणत होता. आकड्याआधी विश्वासांतर वाचायची सवय लावून घ्या.

या पद्धतीवर किती मोठे निर्णय होतात त्याचं उदाहरण नाकात मारायच्या स्प्रे-लसीचं. अमेरिकेत २०१५-१६ मध्ये २ ते १७ वर्षांच्या मुलांत स्प्रेचं संरक्षण ३ टक्के आणि इंजेक्शनचं ६३ टक्के निघालं. जून २०१६ मध्ये तज्ज्ञ समितीने पुढच्या हंगामात स्प्रे वापरू नका असं सांगितलं. त्याच हंगामात ब्रिटनमध्ये त्याच प्रकारच्या लसीचं संरक्षण सुमारे ५८ टक्के दिसलं आणि त्यांनी शाळांमधली मोहीम चालू ठेवली. डिझाइन तेच, उत्तरं वेगळी, धोरणं उलटी. पुढे लसीतला एच१एन१ चा विषाणू बदलल्यावर अमेरिकेने २०१८-१९ साठी स्प्रे परत आणला.

ही पद्धत कुठे फसू शकते?

कमिटी हे विचारणारच, म्हणून तयार राहा. एक, लसीचा इतर विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही असं ही पद्धत गृहीत धरते. हाँगकाँगमधल्या एका छोट्या ट्रायलमध्ये लस घेतलेल्या मुलांना इतर श्वसनविषाणूंचा संसर्ग जास्त दिसला, तर विस्कॉन्सिनमधल्या अभ्यासात तसं दिसलं नाही. दोन, हंगामाच्या सुरुवातीला लस घेतलेलेही कमी असतात आणि फ्लूही कमी. दोन्ही गोष्टी काळाबरोबर सरकतात, म्हणून त्याच आठवड्यातल्या रुग्णांची तुलना करावी लागते. तीन, हा आकडा डॉक्टरकडे जाण्याइतक्या आजाराबद्दल बोलतो. घरीच बरे झालेले आणि दगावलेले, दोघांबद्दल तो गप्प आहे.

आणि चौथी गोष्ट, धैर्याची. २००९ मध्ये कॅनडाच्या याच जाळ्यात दिसलं की आदल्या वर्षी हंगामी लस घेतलेल्यांमध्ये महासाथीच्या एच१एन१ साठी डॉक्टरकडे जाण्याचं प्रमाण जास्त होतं. लसमोहिमेच्या तोंडावर असा निकाल कोणालाच नको असतो. त्यांनी तो आणखी वेगवेगळ्या पद्धतींनी तपासला आणि २०१० मध्ये छापला. इतर काही देशांतल्या अभ्यासांत तसं दिसलं नाही, आणि वाद चालू राहिला. पण निकाल दडपला नाही, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे प्रश्नच वेगळ्या वेळी सुरू होतो. पुण्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, श्रीनगरमध्ये हिवाळ्यात. पाश्चात्त्य देशांची ऑक्टोबरची लसमोहीम इथे जशीच्या तशी उचलली तर पुणेकराला साथ संपल्यावर लस मिळेल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत फ्लूचे विषाणू वर्षानुवर्षं ओळखले जात आहेत. हरियाणात बल्लभगडजवळच्या तीन गावांत २००९ पासून घरांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून मुलांवर फ्लूच्या लसीची ट्रायल झाली. कंट्रोल गटातल्या मुलांना प्लासिबोऐवजी पोलिओची लस दिली, म्हणजे कोणीच रिकाम्या हाताने परतलं नाही. आणि २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये कर्मचाऱ्यांवर टेस्ट-निगेटिव्ह पद्धतीनेच कोव्हॅक्सिन तपासली गेली. डेल्टाच्या लाटेत दोन डोसचं संरक्षण सुमारे ५० टक्के आलं. फ्लूसाठी घडवलेलं हत्यार कोविडमध्ये कामाला आलं.

पण कॅनडासारखं, दरवर्षी चालणारं गल्लीतल्या जनरल प्रॅक्टिशनरांचं जाळं उभारायचं तर दोन अडचणी समोर येतात. मोठ्या माणसांत फ्लूची लस घेणारे फार कमी, त्यामुळे वरच्या हिशेबातल्या '८०' च्या जागी ३ किंवा ४ येतात आणि विश्वासांतर मैदानाएवढा रुंद होतो. आणि दुसरं, आपला रुग्ण आधी मेडिकलवाल्याकडून गोळी घेतो. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत आठवडा गेलेला असतो आणि स्वॅबमध्ये विषाणू सापडायची वेळ टळलेली असते. तुमच्यापैकी कोणी सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करणार असेल, तर विषय शोधायला लांब जायची गरज नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी चार प्रश्न

माझ्या स्वतःच्या प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर मी हे चार प्रश्न लिहून ठेवलेत. तुमच्या विषयाला लावून बघा.

माझ्या दोन गटांतली माणसं (किंवा झाडं, शाळा, नमुने) त्या त्या गटात आली कशी? त्यांना कोणी निवडलं, की ती स्वतःच पुढे आली?

दोन्ही गटांना आजाराची, तणावाची, संधीची सारखीच झळ लागते का?

मी परिणाम ज्या साधनाने मोजतो, त्या साधनावर माझ्याच उपचाराची सावली पडते का?

आणि जॅक्सन यांचा प्रश्न: जिथे परिणाम दिसायलाच नको, तिथे तो दिसतोय का? जी वेळ, जो गट, जी जागा तुमच्या सिद्धांतानुसार कोरी असायला हवी, ती आधी तपासा. तिथे 'फायदा' दिसला, तर आनंद मानू नका. काम थांबवा आणि गट पुन्हा बघा.

तुमच्या विषयात फ्लू नसलेला महिना कोणता, हे एका वाक्यात लिहून बघा. ते वाक्य जमलं तर "तुलना कशाशी करणार?" या प्रश्नाला घाबरायचं कारण उरणार नाही.